बॉबी जिंदल : आठ वर्षांचा जमाखर्च



२० ऑक्टोबर २००७ रोजी अमेरिकेच्या लुइझियाना राज्यात पियुष ऊर्फ बॉबी जिंदल गव्हर्नरपदी निवडून आले, त्या दिवसाची आठवण आपल्यापैकी अनेकांना असेल. भारतातील वृत्तपत्रांनी ती बातमी पहिल्या पानावर घेतली. पंजाबात त्यांच्या वडिलांच्या गावी ढोल वाजले, मिठाई वाटली गेली. ‘आपला माणूस’ अमेरिकेत राज्यप्रमुख झाला, असा एकूण सूर होता. हा आनंद स्वाभाविक होता. परंतु त्या आनंदात दोन प्रश्न विचारायचे राहून गेले. पहिला, हा माणूस ‘आपला’ म्हणजे कोणत्या अर्थाने? आणि दुसरा, अधिक महत्त्वाचा, त्याने तेथे कारभार कसा केला? पहिल्या प्रश्नावर आपल्याकडे पुढे भरपूर शाई खर्ची पडली. दुसऱ्याकडे मात्र फारसे कोणी वळले नाही. आज मुख्यतः त्याच दुसऱ्या प्रश्नाचा विचार करावयाचा आहे.

आरंभीच एक खुलासा आवश्यक आहे. अमेरिकेतील गव्हर्नर म्हणजे आपल्याकडील राज्यपाल नव्हे. तो लोकांनी थेट निवडून दिलेला असतो आणि राज्याचा सर्व कारभार त्याच्या हाती असतो. आपल्या मुख्यमंत्र्याशी त्याची तुलना अधिक योग्य ठरेल. किंबहुना त्याचे अधिकार काही बाबतींत मुख्यमंत्र्याहूनही अधिक आहेत. विधिमंडळाने संमत केलेले विधेयक तो नकाराधिकार वापरून परत पाठवू शकतो, अंदाजपत्रकातील एखादीच रक्कमही खोडू शकतो. लुइझियानात तर दोन्ही सभागृहांचे अध्यक्षही गव्हर्नरच्या मर्जीने ठरतात, असा जुना प्रघात होता. म्हणून तेथील आठ वर्षांच्या बऱ्यावाइटाचे उत्तरदायित्व गव्हर्नरला टाळता येत नाही.

घर, गाव आणि नाव

अमर आणि राज जिंदल हे दांपत्य १९७१ च्या प्रारंभी पंजाबातून लुइझियानात आले. अमेरिकेने १९६५ मध्ये आपला स्थलांतरविषयक कायदा बदलला आणि शिकलेल्या भारतीयांना दारे उघडली; त्या पहिल्या लाटेतले हे कुटुंब. वडील अभियंता, आई पदार्थविज्ञानाची विद्यार्थिनी. लुइझियाना राज्य विद्यापीठात पुढील शिक्षणासाठी आईला प्रवेश मिळाला होता. तेथेच, राजधानी बॅटन रूज येथे, १० जून १९७१ रोजी पियुषचा जन्म झाला. चार वर्षांच्या वयात दूरदर्शनवरील एका लोकप्रिय मालिकेतील मुलाचे नाव त्याने स्वतःच उचलले आणि पियुषचा बॉबी झाला. कागदोपत्री तो पियुषच राहिला.

नावाची गोष्ट बालपणीची म्हणून सोडून देता येईल. धर्माची गोष्ट तशी नाही. शाळेत असतानाच तो ख्रिस्ती मताकडे ओढला गेला. आईवडिलांच्या नकळत, कपड्यांच्या कपाटात बसून, विजेरीच्या उजेडात आपण बायबल वाचत असू, हे त्यांनी स्वतःच सांगितले आहे. पुढे ब्राऊन विद्यापीठात असताना त्यांनी कॅथलिक पंथाची दीक्षा घेतली. घरातील हिंदू आईवडिलांना याचे किती दुःख झाले, तेही त्यांच्याच लिखाणातून कळते.

हा त्यांच्या सदसद्विवेकाचा प्रश्न होता आणि त्याबद्दल त्यांना दूषणे देण्याचा अधिकार कोणालाही नाही. येथे भय नव्हते, प्रलोभन नव्हते. एका बुद्धिमान मुलाने वाचून, विचार करून घेतलेला हा निर्णय होता. म्हणूनच तो अधिक अस्वस्थ करणारा आहे. ज्या घरात दोघेही उच्चशिक्षित, संस्कारी, त्या घरातील मुलाच्या प्रश्नांना त्याच्या परंपरेतून उत्तर मिळाले नाही आणि शेजारच्या मित्राने भेट दिलेल्या पुस्तकातून मिळाले. सत्तरच्या दशकात अमेरिकेच्या दक्षिण भागात हिंदू कुटुंबे विरळ, मंदिरे जवळजवळ नाहीत, मुलांशी त्यांच्या भाषेत आपल्या धर्माविषयी बोलू शकेल असा माणूस दुर्मीळ. पुढे तेथे बालगोकुलम्, शाखा, मंदिरांतील रविवारचे वर्ग उभे राहिले, त्यांची निकड अशा घरांनीच प्रथम जाणवून दिली. दोष द्यायचाच असेल तर त्या पोकळीला द्यावा लागेल.

अमेरिकेतील भारतीय मतदाराने आणि विशेषतः देणगीदाराने मात्र हा विचार बाजूला ठेवला. २००३ पासूनच्या जिंदल यांच्या निवडणुकांना कॅलिफोर्नियापासून न्यू जर्सीपर्यंतच्या भारतीय डॉक्टरांनी, उद्योजकांनी सढळ हाताने पैसा दिला. त्यात हिंदू होते, शीख होते, आणि राज्याचा नकाशाही ज्यांनी कधी नीट पाहिला नसेल असेही बरेच होते.

विशी-तिशीतला प्रशासक

बुद्धिमत्तेविषयी मात्र दुमत नाही. वयाच्या विसाव्या वर्षी ब्राऊन विद्यापीठाची जीवशास्त्र आणि लोकनीती या विषयांतील पदवी. हार्वर्डच्या वैद्यकीय आणि येलच्या विधी महाविद्यालयांत मिळालेला प्रवेश बाजूला ठेवून ऱ्होड्स शिष्यवृत्तीवर ऑक्सफर्ड. मग मॅकिन्झी या सल्लागार कंपनीत नोकरी. १९९६ मध्ये गव्हर्नर माइक फॉस्टर यांनी या चोवीस वर्षांच्या तरुणाला राज्याच्या आरोग्य खात्याचा सचिव नेमले. राज्याच्या अंदाजपत्रकाचा सुमारे ४० टक्के भाग या एका खात्याकडे होता आणि गरिबांच्या वैद्यकीय खर्चाची ‘मेडिकेड’ ही योजना सुमारे ४० कोटी डॉलरच्या तुटीत होती. जिंदल यांनी खर्च छाटला, पदे कमी केली, लबाडीची बिले पकडली आणि तुटीचे खाते शिलकीत आणले. त्यांची सारी कीर्ती येथून सुरू झाली. त्यांची एकमेव रीतही बहुधा येथेच ठरली : छाटणी.

नंतरच्या पायऱ्या त्यांनी भराभर चढल्या. १९९८ मध्ये वृद्धांच्या आरोग्य विम्याच्या भवितव्याचा विचार करणाऱ्या राष्ट्रीय आयोगाचे कार्यकारी संचालक, १९९९ मध्ये राज्यातील एका मोठ्या विद्यापीठसमूहाचे अध्यक्ष, २००१ मध्ये बुश प्रशासनात आरोग्य खात्याचे सहायक सचिव. २००३ मध्ये वयाच्या बत्तिसाव्या वर्षी ते गव्हर्नरपदासाठी उभे राहिले.

लुइझियानाची निवडणूक-पद्धत जरा वेगळी आहे. पहिल्या फेरीत सर्व पक्षांचे सर्व उमेदवार एकत्र लढतात; कोणालाच निम्म्याहून अधिक मते न पडल्यास पहिल्या दोघांत दुसरी फेरी होते. पहिल्या फेरीत जिंदल ३३ टक्के मते घेऊन आघाडीवर होते. दुसऱ्या फेरीत डेमोक्रॅटिक पक्षाच्या कॅथलीन ब्लँको यांनी त्यांना ५२ विरुद्ध ४८ अशा फरकाने हरविले. त्वचेचा रंग आड आला, असे तेव्हा आपल्याकडे सर्रास लिहिले गेले. त्यात काही तथ्य असू शकेल. पण शेवटच्या आठवड्यात ब्लँको यांनी दूरदर्शनवर केलेला प्रचार आरोग्य खात्यातील कपातीमुळे रुग्णांचे काय हाल झाले याविषयीचा होता, आणि जिंदल यांनी त्याला उत्तरच दिले नाही, हेही ध्यानात ठेवले पाहिजे.

२००४ मध्ये ते ७८ टक्के मते मिळवून अमेरिकी प्रतिनिधिगृहात गेले. भारतीय वंशाचे तेथे पोहोचलेले ते दुसरे. पहिले होते दलिपसिंग सौंद. अमृतसर जिल्ह्यातून आलेले सौंद १९५६ मध्ये कॅलिफोर्नियातून निवडून आले, तेव्हा भारतीयांना नागरिकत्व मिळू लागून जेमतेम दहा वर्षे झाली होती. सौंद शीख म्हणून निवडून आले आणि शीखच राहिले. अमेरिकी मतदार अन्यधर्मीयाला स्वीकारतच नाही, हा समज त्यांनी अर्धशतकापूर्वीच खोटा ठरविला होता.

वादळ आणि सत्ता

२९ ऑगस्ट २००५ रोजी कतरिना चक्रीवादळाने न्यू ऑर्लिन्सचे बांध फोडले. शहराचा बहुतांश भाग पाण्याखाली गेला. सगळ्या किनारपट्टीवर मिळून बळींची संख्या १८०० च्या घरात गेली. केंद्र, राज्य आणि महापालिका एकमेकांकडे बोट दाखवीत राहिले. ब्लँको यांची प्रतिमा त्यात अशी धुपून गेली की २००७ मध्ये त्यांनी निवडणूकच लढविली नाही. जिंदल यांनी ५४ टक्के मते घेऊन पहिल्याच फेरीत विजय मिळविला आणि १४ जानेवारी २००८ रोजी, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, शपथ घेतली. तेव्हा ते देशातील सर्वांत तरुण गव्हर्नर होते आणि भारतीय वंशाचे पहिले.

प्रारंभ उत्तम झाला, हे निःसंकोचपणे सांगितले पाहिजे. लुइझियानाचे राजकारण भ्रष्टाचारासाठी कुप्रसिद्ध. चार वेळा गव्हर्नर झालेले एडविन एडवर्ड्स २००० मध्ये खंडणीच्या आरोपांवरून दोषी ठरून तुरुंगात गेले होते. जिंदल यांनी महिन्याभरातच विशेष अधिवेशन बोलावून आमदारांना आपले उत्पन्न आणि हितसंबंध जाहीर करणे बंधनकारक केले. या बाबतीत तळाशी असलेले राज्य देशात अग्रस्थानी गेले. स्वतःच्या कार्यालयाची कागदपत्रे मात्र त्यांनी माहितीच्या कायद्याबाहेरच ठेवली. ‘निर्णयप्रक्रियेची गोपनीयता’ हे २००९ मध्ये कायद्यात घातलेले कलम पुढे सोयीस्करपणे वापरले गेले. दुसऱ्याच्या घराला काचेच्या भिंती आणि स्वतःच्या घराला पडदे, असा हा प्रकार.

२००८ मध्येच १ सप्टेंबरला गुस्ताव्ह वादळ आले. कतरिनाचा धडा ताजा होता. या वेळी सुमारे १९ लाख लोकांना वादळापूर्वी किनारपट्टीवरून हलविण्यात आले. आजारी, वृद्ध, ज्यांच्याकडे वाहन नाही असे सर्वजण बसगाड्यांनी बाहेर काढले गेले. रोज पत्रकारांपुढे उभा राहून कोणताही कागद हाती न धरता आकडे घडाघड सांगणारा हा तरुण गव्हर्नर सगळ्या देशाने पाहिला. आपत्तीच्या वेळी प्रशासक कसा असावा याचा तो वस्तुपाठ होता. रिपब्लिकन पक्षात तेव्हापासूनच त्यांच्याकडे भावी राष्ट्राध्यक्ष म्हणून पाहिले जाऊ लागले, आणि तेथूनच घसरणही सुरू झाली.

२४ फेब्रुवारी २००९ रोजी राष्ट्राध्यक्ष ओबामा यांच्या पहिल्या मोठ्या भाषणाला पक्षाच्या वतीने उत्तर देण्याचा मान जिंदल यांना मिळाला. भाषण फसले. बोलण्याची ढब बालिश वाटली. शिवाय ज्वालामुखींच्या निरीक्षणावर सरकार पैसा उधळते, अशी टीका त्यांनी त्यात केली. महिन्याभरातच अलास्कात रिडाउट ज्वालामुखीचा उद्रेक झाला. वादळाचा अंदाज आधी कळला म्हणून ज्याने लाखो लोक वाचविले, त्यानेच निरीक्षणावरचा खर्च थट्टेवारी न्यावा, हे विलक्षणच!

शिल्लक गेली कोठे?

आता हिशेबाकडे वळू. जिंदल सत्तेवर आले तेव्हा राज्याच्या तिजोरीत जवळपास ९० कोटी डॉलरची शिल्लक होती. ही शिल्लक कोणाच्या कर्तबगारीची नव्हती. कतरिनानंतर पुनर्बांधणीसाठी केंद्राकडून पैशाचा ओघ आला होता, घरे आणि सामान घेण्यासाठी लोक खर्च करीत होते आणि खनिज तेलाचा भाव आकाशाला भिडला होता. २००८ च्या जुलैत तो पिंपामागे १४७ डॉलरपर्यंत गेला. आलेला हा पैसा पाहुण्यासारखा होता. त्याला घरचा माणूस समजून कायमची मांडणी करणे चुकीचे, हे कोणताही संसारी गृहस्थ सांगेल.

लुइझियानाने नेमके तेच केले. २००२ मध्ये तेथील मतदारांनी एक विचारपूर्वक तडजोड स्वीकारली होती : धान्य-भाजी, वीज, पाणी यांवरचा राज्याचा विक्रीकर काढायचा आणि त्या बदल्यात वरच्या उत्पन्नावरचा प्राप्तिकर वाढवायचा. गरिबाच्या ताटावरचा कर काढून सुखवस्तूच्या मिळकतीवर ठेवणारी ही व्यवस्था होती. २००८ मध्ये विधिमंडळाने त्यातील वाढलेला प्राप्तिकर तेवढा रद्द केला. जिंदल सुरुवातीस इतक्या मोठ्या कपातीला अनुकूल नव्हते. पण वारा पाहून त्यांनी स्वाक्षरी केली आणि राज्याच्या इतिहासातील सर्वांत मोठी प्राप्तिकर-कपात म्हणून तिचे श्रेय घेतले. वर्षाला कित्येक कोटी डॉलरचा हा कायमचा खड्डा होता. त्यानंतर मंदी आली, पुनर्बांधणीचा पैसा आटला, आणि २०१४ च्या उत्तरार्धात तेलाचा भाव कोसळला.

खड्डा भरावा कसा? कर वाढविण्याचा मार्ग त्यांनी स्वतःच बंद करून घेतला होता. ग्रोव्हर नॉर्क्विस्ट या वॉशिंग्टनमधील कार्यकर्त्याच्या संघटनेपुढे त्यांनी शपथपत्र लिहून दिले होते, की कोणताही कर वाढविणार नाही. या शपथेपायी २०११ मध्ये काय झाले पाहा. सिगारेटच्या पाकिटावर चार सेंट कर होता, त्याची मुदत संपत आली. तो चालू ठेवण्याचे विधेयक विधिमंडळाने मंजूर केले. जिंदल यांनी त्यावर नकाराधिकार वापरला. मुदत संपलेला कर पुढे चालू ठेवणे म्हणजे नवा करच, असा त्यांचा युक्तिवाद. आमदारांनी तोच कर घटनादुरुस्तीच्या रूपाने लोकांपुढे ठेवला. २२ ऑक्टोबर २०११ रोजी, एकाच मतपत्रिकेवर, मतदारांनी जिंदल यांना ६६ टक्के मतांनी पुन्हा निवडून दिले आणि त्यांनी फेटाळलेला करही मंजूर केला. मतदार कधी कधी पुढाऱ्याहून शहाणा असतो.

कर वाढवायचा नाही आणि अंदाजपत्रक तर घटनेनुसार जुळलेच पाहिजे. म्हणून राखीव निधी उपसले गेले, सरकारी मालमत्ता विकली गेली, एका वर्षीच्या एकरकमी पैशावर पुढच्या वर्षीचा नेहमीचा खर्च भागविला गेला. तीस हजारांहून अधिक सरकारी पदे कमी केली, हे जिंदल पुढे प्रत्येक व्यासपीठावर अभिमानाने सांगत. सर्वांत मोठा घाव उच्च शिक्षणावर बसला, कारण लुइझियानाच्या घटनेने आणि कायद्यांनी बहुतेक खर्च बांधून टाकलेले होते. मोकळे उरलेले दोनच, विद्यापीठे आणि दवाखाने. आठ वर्षांत राज्याने विद्यापीठांना द्यावयाच्या रकमेत सुमारे ७० कोटी डॉलरची घट झाली. विद्यार्थ्यांची फी जवळपास दुप्पट झाली. कर वाढला नाही खरा. पण ज्या बापाची दोन मुले महाविद्यालयात होती, त्याच्या खिशातून तो पैसा गेलाच, फक्त पावतीवर ‘कर’ हा शब्द नव्हता. २०१५ च्या एप्रिलमध्ये तर ज्या विद्यापीठासाठी जिंदल यांची आई साता समुद्रांपलीकडे आली होती, त्याच लुइझियाना राज्य विद्यापीठाने आर्थिक आणीबाणी जाहीर करण्याची पूर्वतयारी सुरू केली.

त्या वर्षीची तूट १६० कोटी डॉलरची होती. शेवटी विधिमंडळाने सिगारेटवरचा कर ३६ सेंटांवरून ८६ सेंटांवर नेला आणि कंपन्यांच्या काही सवलती कमी केल्या. आता शपथेचे काय? त्यावर काढलेला तोडगा हा अर्थशास्त्राच्या नव्हे, तर विनोदाच्या पुस्तकात शोभेल असा होता. सरकारी महाविद्यालयांतील प्रत्येक विद्यार्थ्यावर कागदोपत्री एक शुल्क लावायचे. तेवढीच करसवलतही त्याला कागदोपत्री द्यायची. विद्यार्थ्याने काही भरायचे नाही, त्याला काही मिळायचेही नाही. मात्र सवलतीचा आकडा ‘करकपात’ म्हणून दाखवून वाढलेल्या करांची वजाबाकी करायची. म्हणजे एकूण करवाढ झालीच नाही! खुद्द रिपब्लिकन आमदारांच्या एका गटाने वैतागून नॉर्क्विस्ट यांना पत्र लिहिले. पंचेचाळीस लाखांच्या राज्याचे अंदाजपत्रक राजधानी बॅटन रूजमध्ये अडून बसले होते आणि त्याची किल्ली वॉशिंग्टनमधील एका खासगी संघटनेच्या कचेरीत होती. ज्या संघटनेला मतदाराने कधी निवडून दिले नाही, तिच्यापुढे राज्यकर्ता इतका बांधला जावा, हे लोकशाहीच्या कोणत्याही पाठिराख्याला खटकलेच पाहिजे.

दवाखाना आणि शाळा

लुइझियानाची एक परंपरा मोठी गौरवास्पद होती. न्यू ऑर्लिन्सचे ‘चॅरिटी’ रुग्णालय १७३६ मध्ये एका खलाशाच्या देणगीतून उभे राहिले. पुढे राज्यभर अशी धर्मार्थ रुग्णालये पसरली आणि पैसा नसलेल्या माणसाला उपचार मिळणे हे राज्याचे कर्तव्य मानले गेले. अमेरिकेत हे दुर्मीळ. इमारती जुन्या झाल्या होत्या, कारभार ढिला होता, हे मान्य. जिंदल यांनी २०१३ पर्यंत यांतील बहुतेक रुग्णालये खासगी चालकांच्या हाती दिली. काही ठिकाणी रुग्णांची प्रतीक्षा कमी झाली, सेवा सुधारली, हेही नमूद केले पाहिजे. परंतु करार कसे झाले? श्रेव्हपोर्ट आणि मन्रो येथील रुग्णालयांच्या करारांना विद्यापीठाच्या नियामक मंडळाने मंजुरी दिली, तेव्हा त्यांतील पन्नास पाने कोरी होती. पारदर्शकतेचे अधिवेशन बोलावून ज्यांनी कारकिर्दीला आरंभ केला, त्यांच्याच काळातली ही गोष्ट.

याच सुमारास ओबामा यांच्या आरोग्य कायद्याने राज्यांना ‘मेडिकेड’ योजना विस्तारण्याची मुभा दिली. पहिली तीन वर्षे संपूर्ण खर्च केंद्राचा, पुढे टप्प्याटप्प्याने नव्वद टक्के. जिंदल यांनी नकार दिला. केंद्राचे अवलंबित्व नको, उद्या हा बोजा राज्यावर येईल, हे त्यांचे म्हणणे तत्त्वतः विचारात घेण्याजोगे आहे. पण देशातील अतिगरीब राज्यांपैकी एक, जिथे काबाडकष्ट करणाऱ्या लाखो माणसांना विमा नाही, तिथे हे तत्त्व कोणाच्या पाठीवरून चालले? पंडित दीनदयाळजींनी अर्थनीतीचे मोजमाप शेवटच्या पायरीवरच्या माणसावरून करायला सांगितले. त्या मापाने पाहिले, तर उजवे काय आणि डावे काय, हा भेद फार उपयोगी पडत नाही.

शाळांच्या बाबतीत हेतूला दोष देता येणार नाही. नापास ठरलेल्या सरकारी शाळेतल्या गरीब मुलाला खासगी शाळेत जाता यावे म्हणून २०१२ मध्ये त्यांनी शासकीय पैशाची सोय केली. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने मे २०१३ मध्ये सहा विरुद्ध एक मताने ठरविले, की सरकारी शाळांसाठी घटनेने राखलेल्या निधीतून हा पैसा देता येणार नाही. त्यासाठी वेगळी तरतूद करावी लागली. देशभर समान अभ्यासमापन आणणारी ‘कॉमन कोअर’ योजना त्यांच्याच कारकिर्दीत, २०१० मध्ये, राज्याने स्वीकारली. पक्षातील कार्यकर्त्यांचा विरोध वाढताच २०१४ मध्ये ते तिच्याविरुद्ध न्यायालयात गेले. २००८ मध्ये त्यांनी स्वाक्षरी केलेल्या विज्ञान-शिक्षण कायद्याने उत्क्रांतिवादावर शंका घेणारे पूरक साहित्य वर्गात आणण्यास वाट करून दिली. ब्राऊनमध्ये त्यांना जीवशास्त्र शिकविणाऱ्या प्राध्यापकांनीच तसे करू नये म्हणून त्यांना विनविले होते.

समुद्र आत येतो आहे

लुइझियानाचे सर्वांत मोठे संकट मात्र अंदाजपत्रकात मावणारे नाही. १९३० च्या दशकापासून या राज्याची सुमारे १९०० चौरस मैल भूमी समुद्राने गिळली आहे. मिसिसिपी नदीला बांध घातल्याने तिचा गाळ पाणथळीत पसरेनासा झाला, आणि तेलकंपन्यांनी खोदलेल्या कालव्यांतून खारे पाणी आत शिरले. २० एप्रिल २०१० रोजी ‘डीपवॉटर होरायझन’ या तेलविहिरीवर स्फोट होऊन अकरा कामगार ठार झाले आणि ८७ दिवस तेल समुद्रात ओतत राहिले. जिंदल रोज होडीतून, चिखलातून फिरले. केंद्राच्या दिरंगाईवर तुटून पडले. त्यांची तळमळ खरी होती. तेल अडविण्यासाठी वाळूचे लांबच लांब बांध घालण्याचा आग्रह त्यांनी धरला, तो राष्ट्रीय आयोगाने पुढे निरुपयोगी आणि खर्चिक ठरविला. २०१२ चा किनारपट्टीचा बृहद् आराखडा मात्र त्यांच्या कारकिर्दीचे खरे संचित म्हणावे लागेल. पन्नास वर्षांत पाच हजार कोटी डॉलर खर्चून भूमी वाचविण्याची ती योजना शास्त्रज्ञांनी आखली आणि विधिमंडळाने एकमताने मंजूर केली. २०१५ मध्ये तेलगळतीच्या तडजोडीतून राज्याच्या वाट्याला सुमारे ६८० कोटी डॉलर आले, त्यांतला मोठा भाग या कामाला लागला.

पण याच विषयात, पूरनियंत्रणासाठी नेमलेल्या एका स्थानिक मंडळाने २०१३ मध्ये जवळपास शंभर तेल आणि वायू कंपन्यांवर भूमीच्या हानीबद्दल दावा लावला, तेव्हा जिंदल कंपन्यांच्या बाजूने उभे राहिले. दावा मोडण्यासाठी २०१४ मध्ये कायदा झाला आणि त्यावर त्यांनी स्वाक्षरी केली.

जोडरेघ

पक्षाने ‘मूर्खांचा पक्ष’ होणे थांबवावे, असे २०१३ च्या जानेवारीत निर्भीडपणे बजावणारे जिंदल दोन वर्षांतच राष्ट्राध्यक्षपदाच्या स्पर्धेत सर्वांत कडव्या मतदाराची मनधरणी करू लागले. जानेवारी २०१५ मध्ये लंडनमध्ये त्यांनी युरोपात मुस्लिमांचे, इतरांना मज्जाव असलेले विभाग असल्याचे सांगितले. तोच दावा केल्याबद्दल एका अमेरिकी वृत्तवाहिनीने दोनच दिवसांपूर्वी क्षमा मागितली होती. इस्लामी दहशतवादाचा प्रश्न खरा आणि गंभीर आहे. म्हणूनच त्याविषयी बोलणाऱ्याने पुरावा हाती ठेवून बोलावे.

त्याच भाषणात त्यांनी आपल्याला ‘इंडियन-अमेरिकन’ म्हणवून घेण्याचे नाकारले. आईवडील अमेरिकन होण्यासाठी आले, जोडरेघ लावून जगण्यासाठी नव्हे, असा त्याचा आशय. ज्या भूमीत राहतो तिच्याशी पूर्ण निष्ठा असावी, हे आपणही मानतो. पण निष्ठेसाठी विस्मरण लागते काय? जॉन केनेडी १९६३ च्या जूनमध्ये राष्ट्राध्यक्ष असताना आयर्लंडमधील आपल्या पूर्वजांच्या गावी गेले. त्यांच्या अमेरिकन असण्याला बाधा आली नाही. जानेवारी २०१३ मध्ये तुलसी गॅबार्ड यांनी भगवद्गीतेवर हात ठेवून प्रतिनिधिगृहाची शपथ घेतली. त्या भारतीय वंशाच्याही नाहीत. विवेक रामस्वामी यांनी २०२३-२४ च्या रिपब्लिकन प्रचारात आपण हिंदू असल्याचे ख्रिस्ती श्रोत्यांपुढे न लाजता सांगितले. चिकोडीत जन्मलेले, बेळगावच्या मराठी घरातले श्री ठाणेदार २०१८ मध्ये मिशिगनच्या गव्हर्नरपदाच्या पक्षांतर्गत निवडणुकीत तिसरे आले, आणि २०२२ मध्ये प्रतिनिधिगृहात पोहोचले. त्यांच्या नावातला ‘श्री’ बदलावा असे कोणाला वाटले नाही!

जिंदल यांनी २४ जून २०१५ रोजी उमेदवारी जाहीर केली आणि १७ नोव्हेंबरला मागे घेतली. मुख्य वादसभेच्या मंचावर त्यांना एकदाही स्थान मिळाले नाही. मतचाचण्यांतले स्थान तेवढे नव्हते. चारच दिवसांनी लुइझियानात नव्या गव्हर्नरची निवड झाली. रिपब्लिकन बहुमताच्या त्या राज्यात डेमोक्रॅट जॉन बेल एडवर्ड्स ५६ टक्के मतांनी जिंकले. त्यांच्या रिपब्लिकन प्रतिस्पर्ध्यानेही प्रचारात जिंदल यांच्यापासून अंतरच राखले होते.

११ जानेवारी २०१६ रोजी जिंदल पायउतार झाले. दुसऱ्याच दिवशी एडवर्ड्स यांनी मेडिकेडच्या विस्ताराचा आदेश काढला. जुलैपासून तो अमलात आला आणि पुढे चार लाखांहून अधिक प्रौढ माणसे त्या योजनेत आली. फेब्रुवारीत नव्या गव्हर्नरनी राज्याला दूरदर्शनवरून सांगितले, की चालू वर्षाचे उरलेले साडेचार महिने काढायलाच ९४ कोटी डॉलर कमी पडत आहेत. मार्चमधल्या विशेष अधिवेशनात राज्याचा विक्रीकर चार टक्क्यांवरून पाच टक्के करण्यात आला. राज्य आणि स्थानिक विक्रीकर मिळून दहा टक्क्यांच्या घरात गेला, देशात सर्वांत अधिक. आणि २००२ च्या तडजोडीने ज्या धान्यावरचा राज्याचा कर काढला होता, तेवढे सोडले तर कपड्यापासून भांड्यापर्यंत प्रत्येक खरेदीवर तो गरिबालाही श्रीमंताइतकाच भरावा लागला.